पूर्वेच्या खिडकीचा पडदा

मी, पद्माकर देवचंद नखाते, वय ७५, पूर्वीचा धंदा वजनकाटे दुरुस्ती, राहणार आर्वी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या घरी बसून, माझ्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या इच्छेने लिहून ठेवत आहे. माझी एक किडनी काम करत नाही आणि दुसरी थकली आहे. डोके मात्र ठीक आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो जोडण्याचे कारण असे की हे वाचून माझा धाकटा भाऊ चंदन म्हणेल, दादा भ्रमिष्ट झाला होता. मी भ्रमिष्ट नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

लिहिण्याची मला सवय नाही. दुकानाच्या पावत्या आणि मंदिरातला फळा, एवढेच मी आयुष्यभर लिहिले. बोलण्याचीही सवय नाही, आणि त्याचा परिणाम काय झाला ते कलम पाचमध्ये लिहिले आहे.

कलम १. आर्वीचे राहते घर, खाली दुकान आणि वर तीन खोल्या, मी माझ्या कमाईतून बांधले आहे. त्यावर भावाचा किंवा पुतण्याचा हक्क नाही. खालचे दुकान कलम सहाप्रमाणे वगळून हे घर माझी एकुलती मुलगी हर्षा, राहणार सिंदी मेघे, हिला मिळावे. तिने ते ठेवावे किंवा विकावे. मात्र वरची पूर्वेकडची खोली, जिथे माझी पत्नी कोकिळा वारली, तिला कोणी पवित्र जागा म्हणून हार घालू नये, तिथे पाटी लावू नये आणि लोकांना दर्शनाला आणू नये. गेल्या वर्षभरात चंदनने अशी माणसे सात-आठ वेळा आणली. ती चपला जिन्यात काढतात, खोलीत हात जोडतात, फोटो काढतात आणि मला विचारतात, "बापूजी, शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर तेज होतं ना?" मी खाली जाऊन दुकानात बसतो. मला त्या प्रश्नाची शिसारी येते.

कलम २. बँकेतील ठेव व पोस्टातील बचतपत्रे हर्षाला मिळावीत. तिच्या आईच्या चार बांगड्या कपाटात आहेत, त्याही तिच्याच.

कलम ३. दुकानातील हत्यारे, म्हणजे कानशी, पकडी, लहान ऐरण आणि शिशाचे तुकडे वितळवण्याची पळी, धम्मदीप मून यांना द्यावीत. ते मोटारपंप दुरुस्त करतात, त्यांच्या कामी येतील. पितळी वजनांचा जुना संच कोणाला देऊ नये, हर्षाने ठेवावा. मी चाळीस वर्षे बाजार समितीतल्या काट्यांचे काम केले. कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामात व्यापारी येऊन हळूच म्हणत, "बापूजी, जरासा आमच्याकडं झुकता ठेवजा." एकदाही ठेवला नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता. आता ती आठवली की तोंड कडू होते.

कलम ४. मंदिराला माझ्याकडून एक वही जाईल. ती कशाची हे जैन नसलेल्यांना समजावे म्हणून लिहितो. आमच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. पुष्कळ जण पाणीही घेत नाहीत. सकाळी सूर्य उगवल्यावर दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे जाऊ देतात आणि मग तोंडात पाणी घालतात. त्यासाठी मंदिराच्या दारात एक काळा फळा आहे. उद्याचा सूर्योदय, दोन घडीची वेळ आणि सूर्यास्त त्यावर आदल्या दिवशी लिहितात. एकतीस वर्षे तो फळा मी लिहिला. पंचांगातल्या वेळा दुसऱ्या गावांच्या असतात, म्हणून मी आर्वीच्या वेळा वर्षभर गच्चीवरून घड्याळ लावून पाहिल्या आणि वहीत उतरवल्या. गावातली व्रत करणारी बाई फळा पाहून पाण्याचा पेला उचलायची. तिला घड्याळ लागत नसे, माझे अक्षर पुरत असे.

ही वही फळ्याच्या शेजारी दोरीने बांधून ठेवावी. १९ जानेवारीच्या ओळीखाली मी लाल रेघ मारली आहे. ती खोडू नये. त्या ओळीत लिहिले आहे: सूर्योदय ६.५७, दोन घडी ७.४५.

कलम ५. हे कलम संपत्तीचे नाही. वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रात याची गरज नाही. मला आहे.

कोकिळा एकोणीस वर्षांची असताना या घरात आली. उपवासाचे तिचे वेड दिखाऊ नव्हते. दशलक्षण पर्वात, आमच्या भाद्रपदातल्या व्रताच्या दिवसांत, ती दहा दिवस एकच वेळ जेवायची आणि बाकी घराचे दोन्ही वेळचे करायची. तिने उपवास धरला आहे हे मला पुष्कळदा दुपारी कळे, तिचे ताट मांडलेले नाही हे पाहून. मी एकदा म्हणालो, सांगायचे तरी. ती म्हणाली, "सांगतलं का अर्धा उपास तिथंच गेला. लोकं वा वा करतेत आन् आपल्याले ते खावंसं वाटते. मंग पोट रिकामं ठेवून उपेग काय?"

एका वर्षी सहाव्या दिवशी तिला चक्कर आली. तिने स्वतः पाणी मागितले, भाताची पेज घेतली आणि पुढच्या आठवड्यात प्रायश्चित्त म्हणून दूध-तूप सोडले. कोणी नाक मुरडले तर तिला फरक पडला नाही. ती म्हणायची की व्रत खाण्यावर राग काढण्यासाठी नसते, खाण्याने आपल्यावर मालकी गाजवू नये म्हणून असते. जुने कर्म झडावे यासाठी माणूस सोडतो, आणि जे सोडतो ते जाणून सोडतो, किती वेळ ते ठरवून सोडतो. वेळ संपली की व्रत संपले. ती याबाबतीत माझ्यासारखीच होती, काटेकोर.

रोज संध्याकाळी दिवा लावण्याआधी ती एकच वाक्य म्हणायची. "उद्या उजाडून दोन घडी होईपर्यंत चारी आहाराचा त्याग." चारी आहार म्हणजे खाण्याचे, चाखण्याचे, चाटण्याचे आणि पिण्याचे सगळे. बावन्न वर्षांत हे वाक्य चुकले नाही.

तिला यकृताचा कर्करोग झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले आणि म्हणाले, आठवडा नाहीतर दोन आठवडे, मागेल तेव्हा घोटभर पाणी देत जा. उजेडाने तिचे डोळे दुखत, म्हणून हर्षाने पूर्वेच्या खिडकीला जाड हिरवा पडदा लावला.

शनिवार, १८ जानेवारी २०२५ रोजी संध्याकाळी तिने नेहमीचे वाक्य म्हटले. आवाज बारीक होता पण शब्द पूर्ण होते. खोलीत मी, चंदन आणि त्याचा मुलगा रोशन होतो. चंदन मंदिर समितीचा चिटणीस आहे. त्याने पूर्ण वाक्य ऐकले, हे मी शपथेवर लिहितो. तो बाहेर गेला आणि त्याने समाजाच्या ग्रुपवर लिहिले की कोकिळाबाई नखाते यांनी आजन्म चारी आहारांचा त्याग करून सल्लेखना घेतली आहे, सकाळपासून दर्शन.

सल्लेखना म्हणजे काय ते मला माहीत आहे. शरीर साथ देत नाही असे पाहून माणूस गुरूंना विचारतो, घरच्यांची क्षमा मागतो, हळूहळू अन्न आणि मग पाणी सोडतो, आणि शांतपणे जातो. माझ्या आजोबांनी घेतली होती. ती घ्यायला महिने लागले. ग्रुपवर दोन ओळींत ती घेता येत नाही.

पहाटे मला कळले. मी चंदनला म्हणालो, "अरे, तो तिचा रोजचा नियम आहे. उजाडलं की सुटतो."

तो म्हणाला, "दादा, आता गाड्या निघाल्या. पुलगाववरून दोन, वर्ध्यावरून एक. कारंज्याचेही लोक येऊन राह्यले. त्याइले काय सांगू, वहिनीनं चहा पेला म्हणून?"

मी म्हणालो, "ती पाणी मागेल."

"तसंही डॉक्टरनं आठच दिवस सांगतले. तिच्या मरणाचं सोनं होऊन राह्यलं, तर तू कायले मधात येतं?"

रोशन फलक छापून घेऊन आला होता. फलकावर कोकिळाचा फोटो लहान आणि चंदनचा मोठा.

साडेसात वाजता खोलीत वीसेक माणसे होती आणि णमोकार मंत्राचा जप चालू होता. पडदा ओढलेला, वरचा दिवा लावलेला. कोकिळाने डोळे न उघडता विचारले, "उजाडलं का?"

चंदन म्हणाला, "नाई वहिनी, रात्र आहे अजून. निजा."

पडद्याच्या कडेने ऊन भिंतीवर आले होते. वीस माणसांनी ते पाहिले. ते आवाज वाढवून जप म्हणू लागले. पावणेआठ झाले. मी घड्याळ पाहिले. त्या दिवसाची वेळ फळ्यावर मीच लिहून आलो होतो. आठ वाजता तिने पुन्हा विचारले, पण आता चंदनला नाही. तिने माझ्या दिशेला मान वळवली.

"अहो, उजाडलं का?"

मी म्हणालो, "नाही."

बावन्न वर्षांत मी तिच्याशी खोटे बोललो नव्हतो, म्हणून तिने त्यानंतर एकदाही विचारले नाही.

हर्षा, हे तुला मी तोंडाने सांगायला हवे होते. त्या रात्री तू सिंदी मेघेला गेली होतीस. दुपारी चारला आलीस तेव्हा आई गेली होती; काकांनी तुला सांगितले की आईने स्वतःहून सोडले, आणि तू मला मिठी मारून म्हणालीस, बाबा, आई किती खंबीर. मी तेव्हाही काही बोललो नाही.

कलम ६. माधवी धम्मदीप मून, राहणार आर्वी, या कोकिळाची दिवसपाळीची देखभाल करत. त्यांना दुकानाचा गाळा आहे तसा, हर्षाच्या घरातून वेगळा करून, कायमचा द्यावा. त्यांना शिवणाचे दुकान काढायचे आहे. लाभ त्यांना असल्याने त्या साक्षीदार होऊ शकत नाहीत असे वकील म्हणाले. त्यांनी जे पाहिले त्याची साक्ष म्हणून मी इथे लिहितो.

त्या साडेआठला आल्या. दारात थांबून म्हणाल्या, "बाहीर ऊन तापलं, अंदर दिवा काऊन?"

चंदन म्हणाला, "तू बाहेर थांब. आज तुझं काम नाई."

"ओठ फाटले त्याइचे. पाणी काऊन नाई देत?"

"हे धर्माचं आहे. तुमच्यात नसते."

"तहान असते का नाई आमच्यात?" माधवी म्हणाल्या आणि माणसांमधून वाट काढून पुढे आल्या. त्यांनी कापसाचा बोळा पाण्यात भिजवला आणि कोकिळाच्या ओठाला लावला.

कोकिळाने ओठ मिटून घेतले. मान हलवून नाही म्हणाली. अंगात शक्ती नव्हती, तरी ओठ घट्ट मिटले, कारण तिच्या हिशेबी अजून रात्र होती. मी तसे सांगितले होते.

चंदन सगळ्यांकडे वळून म्हणाला, "पाह्यलं? स्वतः तोंड मिटलं." माणसांनी जयजयकार केला. एका बाईने हे फोनवर टिपले. ती चित्रफीत अजून फिरते आणि लोक ती मला दाखवतात.

माधवींनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी पडदा हातभर सरकवला. ऊन पलंगाच्या पायथ्याशी, कोकिळाच्या पावलांवर पडले. रोशनने पडदा परत ओढला आणि माधवींना जिन्यावरून खाली घालवले. जाताना त्या मला म्हणाल्या, "बापूजी, तुमी तं बोला." मी बोललो नाही. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी कोकिळा गेली. तोपर्यंत ऊन घराच्या दुसऱ्या बाजूला गेले होते.

तिने व्रत मोडले नाही. हे खरे आहे. तिने ते आठ तास जास्त पाळले, आमच्या खोटेपणावर विश्वास ठेवून. ज्या व्रताची मर्यादा तिने स्वतः बांधली होती ती आम्ही तिच्यापासून चोरली, आणि चोरीच्या मालाची मिरवणूक काढली. पालखीत तिला बसवले, तिची मान एका बाजूला पडत होती म्हणून कापडाने बांधली, आणि बँड लावला. पालखीपुढे रोशनचे मित्र फोटो घेत होते. मला धरून पुढे चालवले. लोक माझ्या पाया पडत होते. त्या दिवशी मला माझ्या पायांचीही किळस आली.

कलम ७. सत्काराची शाल. तिसऱ्या दिवशी मंदिरात चंदनने मला शाल घातली आणि माइकवर म्हणाला, धन्य ते पती. ती शाल कपाटाच्या खालच्या कप्प्यात घडी न उघडता आहे. ती चंदनला परत द्यावी. सोबत चिठ्ठी नको.

रोशनच्या फलकातून कोकिळाचा फोटो मी कात्रीने कापून पेटीत ठेवला आहे. उरलेला फलक, ज्यावर चंदन आहे, मी बाजार समितीत मापारी असलेले माझे शेजारी बंडूजी भोयर यांना हयातीतच देऊन टाकला. त्यांनी तो सोयाबीनच्या ढिगावर पांघरला. चंदनचे तोंड खाली ठेवले का वर, हे मी विचारले नाही.

मंदिरात संगमरवरी पाटी बसवण्याचे ठरले आहे. त्यावर कोकिळाचे नाव आणि सल्लेखना हा शब्द कोरला आहे. १९ जानेवारी २०२६ ला पहिल्या पुण्यतिथीच्या दिवशी तिचे अनावरण आहे. पती म्हणून माझी लेखी संमती चंदनला हवी आहे. तो कागद त्याने चार वेळा आणला. परवा म्हणाला, "दादा, एक सही करायले तुले काय होते? रोशनचं जमून राह्यलं, पोरीकडचे लोक पाटी पाहाले येतीन." मी सही केलेली नाही आणि करणार नाही. माझ्या मृत्यूनंतर तशी सही कोणी दाखवली तर ती खोटी समजावी.

कलम ८. मागच्या महिन्यात एक मुनिमहाराज विहार करत अमरावतीकडे निघाले होते आणि कारंजा (घाडगे) येथे एका शाळेत थांबले होते. मी एसटीने गेलो. आयुष्यात मी कोणाशी सर्वांत जास्त बोललो असेन तर त्या दुपारी. त्यांनी सगळे ऐकले. मग विचारले की सल्लेखना देण्यापूर्वी त्या बाईंना कोणी तीनदा विचारले का. मी म्हणालो, एकदाही नाही. ते म्हणाले, आम्ही मागणाऱ्यालाही लगेच देत नाही, दिवसेंदिवस पाहतो, त्याचे मन स्थिर आहे का, त्याला हे हवे आहे का. न मागता दिले ते व्रत नव्हे.

मी प्रायश्चित्त मागितले. म्हणालो, जितके उपवास सांगाल तितके करीन.

ते म्हणाले, उपवास करून यातून सुटू नका. जेवढ्या लोकांसमोर खोटे बोललात तेवढ्या लोकांसमोर खरे बोला.

घरी येऊन मी या कलमात असे लिहिले होते: "माझ्या तेरवीला हे मृत्युपत्र मंदिराच्या सभामंडपात मोठ्याने वाचावे." मसुदा बंडूजींना वाचून दाखवला. त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "बापूजी, हे मृत्युपत्र होय का तक्रार अर्ज?"

मी म्हणालो, दोन्ही.

"मंग जित्तेपणी द्या ना अर्ज. मेल्यावर कोनाले काय फरक पडते? चंदनभाऊ म्हणतीन बुढा सटकला होता, आन् जेवायले बसतीन."

ते गेल्यावर मी ते वाक्य पुन्हा वाचले. मेल्यानंतर वाचायला सांगणे म्हणजे तो हिरवा पडदा अजून काही दिवस ओढून ठेवणेच होते. म्हणून ते वाक्य मी खोडले आहे. खोडल्याच्या जागी माझी सही आहे.

त्याऐवजी असे: १९ जानेवारीला मी मंदिरात जाईन, त्या पाटीच्या समोर उभा राहीन आणि कलम पाच व सहा स्वतः वाचीन. माझा आवाज लहान आहे. माइक बंद केला तर मी तसाच वाचीन. माधवी सोबत येणार आहेत. त्या दिवसाआधी मी गेलो तर हर्षाने वाचावे, आणि तिला ते जमले नाही तर माधवींनी. हर्षाला या मृत्युपत्राची प्रत मी आजच देत आहे, आणि प्रत हातात देण्याआधी तोंडाने सांगणार आहे.

कलम ९. माझे शेवटचे दिवस. मी कोकिळाचे संध्याकाळचे वाक्य गेल्या वर्षापासून म्हणतो, पूर्ण, मर्यादेसह. मी सल्लेखना घेतलेली नाही. घ्यायची झाली तर गुरूंना विचारून, शुद्धीत, माझ्या तोंडाने घेईन आणि चंदन त्या वेळी खोलीत नसेल. मी बेशुद्ध असताना माझ्या वतीने कोणी कसलाही त्याग जाहीर केला तर तो मला मान्य नाही. माझी पालखी काढू नये. मला आडवे न्यावे.

पूर्वेच्या खिडकीचा पडदा मी काढला आहे आणि दांडीही उपटली आहे. माझी खाट त्या खिडकीशी लावावी. मी विचारेन, उजाडलं का. जो जवळ असेल त्याने बाहेर पाहावे आणि दिसेल ते सांगावे. रात्र असेल तर रात्र सांगावी. उजाडले असेल तर दोन घडी जाऊ द्याव्या आणि पाणी द्यावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी हर्षाने करावी.

ठिकाण: आर्वी, जिल्हा वर्धा
दिनांक: ४ जानेवारी २०२६, रविवार
सूर्योदय ६.५६, दोन घडी ७.४४

(सही) पद्माकर देवचंद नखाते

साक्षीदार १: अनुसयाबाई तुळशीराम कडू, निवृत्त शिक्षिका, राहणार आर्वी. पद्माकर नखाते यांनी वरील सर्व मजकूर स्वतः वाचून आम्हा दोघांच्या समक्ष सही केली. ते पूर्ण शुद्धीत होते. (सही)

साक्षीदार २: बंडूजी कवडूजी भोयर, मापारी, राहणार आर्वी. मी हजर होतो. सही करायच्या आधी बापूजींनं पेन खाली ठेवला आन् मले विचारलं, बंडूजी, उजाडलं का. मी उठून खिडकीतून पाह्यलं. ऊन पार रस्त्यावर आलतं. मी हो म्हनलं, पावनेआठ वाजून गेलते. मंग ते पानी पेले आन् सही केली. (सही)